व्याह्यांसमोर लागलेली डुलकी

"मॅडम, हा माणूस दारू पेत नाही असं लिहून द्या," कुसुमबाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान उत्तमराव बसले होते. जऊळक्याकडचे शेतकरी, माझे मधुमेहाचे जुने पेशंट. डोळे अर्धे मिटलेले.

वाशीमला मी बरीच वर्षं दवाखाना चालवते. फिटनेस सर्टिफिकेट देते, पण हे कधी दिलं नव्हतं.

"झालं काय?"

"पोरीले पाहाले शिरपूरचे पाव्हणे आले होते. पोराच्या बापानं वावर किती हाय ते इचारलं. हे 'हो हो' म्हणले अन् पोह्याच्या ताटातच मान टाकली. घोरत होते, मॅडम! पाव्हणे चहा न घेता उठले. आता सांगत फिरून राह्यले, पोरीचा बाप बेवडा हाय म्हणून."

"मले तर संडासले होत नाही, त्याचं पाहा आधी," उत्तमराव जड जिभेनं म्हणाले.

झोप आणि बद्धकोष्ठ एकत्र आलं की मी गोळ्या मागते. कुसुमबाईंनी पिशवी उलटी केली. ट्रॅमाडॉल निघालं.

"हे कोणी दिलं?"

"साडभाऊनं, हिच्या बहिणीच्या नवऱ्यानं," उत्तमराव म्हणाले. "त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या उरल्या होत्या. माह्या पायाची लय आग होते, मॅडम. चादर लागली तरी चटका बसते. एका गोळीनं भागेना, म्हणून दोन."

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. मग काटा रुतला तरी कळत नाही, आणि काही नसताना आग होते. ट्रॅमाडॉलनं ती कमी होते, खोटं नाही. पण ते ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीतलं औषध. झोप आणतं, आतडी सुस्त करतं, सवय लावतं. म्हणून ते आम्ही शेवटच्या उपायासाठी राखून ठेवतो, आणि दिलं तर लक्ष ठेवून देतो.

"म्हंजे मी अफू खाऊन राह्यलो?" उत्तमरावांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. "माह्या घरात सुपारी चालत नाही! आजच नालीत फेकतो."

"एकदम बंद नाही करायचं. घाम सुटेल, जीव घाबरा होईल. मी सांगते तसं हळूहळू कमी करायचं."

कोठा साफ व्हायचं औषध दिलं आणि ट्रॅमाडॉल उतरल्यावर नसांसाठी वेगळी गोळी सुरू केली. तीच गोळी उदासीवरही देतात. मेडिकलवाल्यानं ते सांगितलं आणि उत्तमराव परत हजर. "मले काय याड लागलं काय?"

"नाही. नसांची आग मेंदूपर्यंत कमी पोचावी म्हणून आहे ती."

ट्रॅमाडॉल कमी होताना चिडचिड झाली, झोप उडाली. कुसुमबाई म्हणाल्या, "झोपलेले बरे होते." पण माणूस जागा झाला. आग गेली नाही, निम्म्यावर आली. यात एवढंही पुष्कळ असतं.

एक दिवस उत्तमराव कुसुमबाईंसह पोराच्या बापालाच घेऊन आले. "मॅडम, माह्यं सारं सांगा व्याह्याले. काही लपवू नका."

मी सांगितलं. पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं. मग दरवाजाकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि मोजा काढला.

"माह्याही पायाची अशीच आग होते, मॅडम. व्याह्याच्या त्या गोळ्या उरल्या असतील तर..."

कुसुमबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या पिशवीतली उरलेली पाकिटं मी टेबलाच्या खणात टाकली आणि पाहुण्यांची शुगर तपासली. भरपूर निघाली. त्यांचा केसपेपर त्याच दिवशी झाला, आणि लग्नही तिथंच जमलं म्हणायला हरकत नाही.

लग्नात उत्तमराव टक्क जागे होते. बँडवाल्याशी भांडले. पंगतीत दोन्ही व्याही माझ्या शेजारी बसले. जिलेबी आली तेव्हा दोघांनी माझ्याकडे बघत वाढप्याला हात जोडले. मी हात धुवून परत आले, तर दोघांचेही गाल फुगलेले आणि बोटं चिकट.

नसांवर औषध आहे. जिभेवर अजून निघालेलं नाही.