अण्णांच्या घरचे दोन वाटे

गोविंदअण्णा रोज सकाळी एका अब्जाधीशाला लुटायचे. जयनगरातल्या आपल्या घराच्या पायरीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, पेपर अगदी नाकाला लावून. त्या दिवसांत पेपरात श्रीमंतांची भलतीच गर्दी झाली होती. कुणाचा बंगला, कुणाचं विमान! अण्णांना एखादा सापडला की त्याची सगळी दौलत ते देशभर सारखी वाटून टाकत. मी कॉम्प्युटर कंपनीतल्या नोकरीसाठी पुण्याहून आलेली, त्यांच्या माडीवरची भाडेकरू. कंपनीची बस येईपर्यंत खालीच थांबायचे, त्यामुळे हा दरोडा रोज माझ्या डोळ्यांदेखत पडे.

“बस पोरी, स्वल्प कापी घे,” असं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत ते कॉफीचा पेला माझ्या हातात देत आणि तोंडानंच हिशेबाला लागत. एवढं करून हाती काय येई? “अख्खा माणूस नागवला, आणि माणशी एक मसाला डोसा! चटणी दुसऱ्यांदा मागायची नाही!” आणि स्वतःच खो खो हसत.

त्यांचे नियम मात्र कडक.

“पाळण्यातल्या पोराला वाटा?” मी विचारायचे.

“त्यालाही.”

“आणि ज्याला लुटलं त्याला?”

“त्यालाही एक. तो काय परका आहे? नागरिकच की!”

त्यांच्या बायकोला, रुक्माक्कांना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकदा मी थट्टेत म्हटलं, “अक्कांचा डोसा कुठाय?” अण्णांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, “गेलेल्यांना नाही. जिवंत पाहिजे आणि इथला नागरिक पाहिजे. नियम म्हणजे नियम.” मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यामुळे त्या घरात वाटे येत दोनच. एक त्यांचा, दुसरा मोहनचा. मोहन त्यांचा एकुलता एक मुलगा. शिकायला म्हणून अमेरिकेला गेला, तो तिथंच नोकरीला चिकटला. अण्णा त्याचा वाटा न चुकता बाजूला काढत. “पासपोर्ट आपलाच आहे ना त्याचा? येईल तेव्हा खाईल.” दर दसऱ्याला त्याच्या रिकाम्या खोलीला रंग देऊन घेत. मोहन परत येत नाही, हे आमच्या रस्त्यावरच्या भाजीवालीलाही कळून चुकलं होतं. अण्णांना कोण सांगणार?

एका रविवारी मोहनचा फोन आला. सोमवारी मी खाली आले तर अण्णा पायरीवर होते, पण पेपर घडी न मोडता मांडीवर पडलेला.

“मोहननं तिकडचं नागरिकत्व घेतलं,” ते म्हणाले. “हात वर करून शपथ घेतात म्हणे. इथला पासपोर्ट परत द्यायचा. सरी, ठीक आहे. चांगलं झालं पोराचं.”

मी त्यांच्या मांडीवरचा पेपर उघडला आणि उगाच उत्साहानं म्हटलं, “अण्णा, हा बघा, सिमेंटवाला! चांगला गब्बर आहे. करायची वाटणी?”

“कर. आमच्या घरात एकच वाटा.”

“अहो, मोहनचाही ठेवा की! पैसे कुठं खरे आहेत?”

“म्हणून काय झालं?” अण्णा एकदम उखडले. “खोट्या पैशातही लबाडी करायची, तर मग खेळायचं कशाला?” आणि लगेच त्यांचा आवाज बसला. “त्याला नाही देता येत गं आता. माझ्याच मुलाला नाही देता येत.”

कोपऱ्यावर बस येऊन हॉर्न वाजवायला लागली. मी उठले नाही. अण्णांनी माझ्या हातातून पेपर घेतला आणि त्याची नीट घडी घातली.

“तुम्ही लोक कॉम्प्युटरवर मोठमोठे हिशेब करता ना?” ते म्हणाले. “मग एवढा एक करून बघ. पैसे राहू देत त्या सिमेंटवाल्याकडे. ज्यांच्या घरात माणसं जास्त झालीत, त्यांच्या माणसांची वाटणी करता येते का? माझ्या वाट्याला एक आलं तरी चालेल.”