दोन बटनांची टाकी

उन्हाळ्यात पांढुर्ण्याला नळ एक दिवसाआड येऊ लागला की मला घरात स्वस्थ बसवत नाही. संडासातल्या जुन्या फ्लशला एका वेळी बादलीभर पाणी लागायचं, आणि नंतरही टाकी बराच वेळ वाहत राहायची. तो आवाज ऐकत मी घरभर फिरायची.

त्यातच एका दुपारी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चक्कर आली. अंगात पाणीच कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मी विचारलं, "मामाजी, पाणी काहून नाही पिऊन राहिले तुम्ही?"

ते हळूच म्हणाले, "पेलं का घडीघडी संडासात जा लागते. अन् हरखेपी बालटीभर पाणी जाते."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून मी फ्लशची दोन बटनांची टाकी बसवून घेतली; लहान बटनाने थोडं पाणी सुटतं, मोठ्याने जास्त. संडासाच्या जुन्या भांड्याला एवढं थोडं पाणी पुरणार नाही म्हणून भांडंही बदललं.

मामाजी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी बाहेर येरझारा घालत होते.

"लहान बटन दाबलं," ते बाहेर येत म्हणाले. "एवढ्याशा पाण्यात काम झालं ना!"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते सावकाश प्यायले. तांब्या रिकामा होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि पुन्हा भरून आणला.