कुंडलच्या गिरणीवाल्या बाई

कुंडलात पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईंना क्रिकेटचं भारी वेड. रेडिओवर धावसंख्या सांगायची वेळ झाली, की दळण अर्धवट ठेवून त्या गिरणी बंद करत. माहेर जमखंडीचं, म्हणून नातवंडं झाली तरी गाव त्यांना 'कानडीबाई'च म्हणे. त्याचं त्यांना काही वाटत नसावं, असा माझा समज होता.

इंग्लंडचा संघ आला होता. बाईंनी गिरणी थांबवली, तसा रांगेतला एकजण हसला, "कप्तान आफ्रिकेत जन्मला म्हनं. त्यो कसला इंग्लंडचा?"

बाईंनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "मी जमखंडीत जन्मले. तुज्या रोजच्या भाकरीचं पीठ कुठल्या गावच्या बाईनं दळलेलं हाय रं?"

निवेदक धावसंख्या सांगू लागला, आणि ती न ऐकताच बाईंनी खटका ओढून गिरणी सुरू केली.