भरलेली पिशवी

समोरच्या गॅलरीत सुमनताई पिशवीचा तुटलेला बंद शिवत होत्या. विनू शेजारी उभा राहून सुईकडे बघत होता. विनू पंचेचाळिशीचा आहे, पण त्याला घड्याळ कळत नाही, एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही. त्याची आई दवाखान्यात जाताना त्याला ताईंकडे सोडून गेली. ना नातं, ना गोतं, तरी ताईंनी त्याला घरात घेतलं. आई म्हणाली होती, "पिशवी भरून ठेव, मी न्यायला येते."

ती तिथेच वारली, त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ताईंनी हे त्याला कितीदा सांगितलंय. तो मान डोलावतो आणि धुतलेले कपडे घडी घालून पुन्हा पिशवीत भरतो. कपाटातला त्याचा कप्पा रिकामाच आहे.

"नवीन पिशवी घ्या की," मी म्हटलं.

"आईने दिलेली आहे. दुसरी चालत नाही त्याला."

घर बदलतं, माणसं जीव लावतात, ताटात गरम भाकरी पडते. तरी कुणाचा तरी एक शब्द मनात सामान बांधून बसलेला असतो.

शिवून झालं. विनूने पिशवी खांद्याला लावून पाहिली, आत हात घालून चाचपलं.

"ताई, तुझी एक साडी मावेल. आई आली की तूपण चल."