सांगाड्याची कुरकुर

त्या वर्षी हॅलोविनला आमच्या गल्लीतली मुलं कुणाचं दार वाजवणार नव्हती. करोना होता. प्रत्येकाने आपल्या खिडकीत काहीतरी भुताटकी मांडायची आणि मुलांनी रस्त्यावरूनच बघत जायचं, असं पालकांच्या ग्रुपवर ठरलं. मी आइंडहोवनच्या एका कंपनीत यंत्रांचे हलणारे भाग डिझाइन करते. त्यामुळे नऊ वर्षांच्या लेकीने परस्पर जाहीर करून टाकलं की आमच्या खिडकीत पेटीतून उठून बसणारा सांगाडा असेल. मग काय, माझ्याही अंगात आलं.

सांगाडा उठायचा, पण कर्रर्र करत. प्लायवूडच्या खाचेत लाकडी दांडा घासायचा. मेणबत्ती चोळून झाली, साबण लावून झाला. शिलाई मशीनचं तेल घातलं तर त्यात भुसा चिकटला आणि आवाज दुप्पट झाला. लेक कानांवर हात ठेवून म्हणाली, "हेट पीप्ट, मम्मा." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. सासूबाईंना अर्थ विचारावा लागला नाही.

"कुरकुरू दे की," त्या म्हणाल्या. "भूत आलेलं कळायला नको?"

मला ते पटायला हवं होतं. पण ज्या कामाचा पगार घेते तेच घरी जमत नाही, हे मला झोंबत होतं.

सासूबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. पुढे विशेष विमानं सुटायला लागली, पण त्यांचं वय सत्तरीचं, त्यात डायबेटिस, त्यामुळे आम्हीच पाठवायला घाबरत होतो. आमच्याकडे चिकन, मासे सगळं चालतं. त्यांनी जन्मात अंड्यालाही हात लावलेला नाही. आल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, की तुम्ही काय खाता त्यात मी पडणार नाही, मला फक्त चिरायला एक बोर्ड वेगळा दे. माझ्याकडे दोन सारखेच पांढरे प्लॅस्टिकचे बोर्ड होते. त्यातला कोरा त्यांना दिला. आठ महिन्यांत त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. थंडीची, कोंडून राहण्याची, नातीच्या डचची, कसलीच कुरकुर नाही.

लाकूड लाकडावर घासू नये म्हणून मध्ये निसरडं प्लॅस्टिक हवं होतं. ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये असे तुकडे कचऱ्यात पडलेले असतात, पण तेव्हा सगळं काम घरून. लेकीला सर्दी झाली होती आणि तिच्या टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही कुणीच बाहेर पडायचं नव्हतं. ऑनलाइन मागवलं तर आठवडा लागणार. मग आठवलं, चॉपिंग बोर्ड त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. दोन्ही बोर्ड तिरके धरून वरून लाकडाचा ठोकळा सोडून पाहिला. आमच्या बोर्डावर तो सुरीच्या चरांत अडकला. सासूबाईंच्या बोर्डावरून सुळकन खाली आला. त्या हलक्या हाताने चिरायच्या आणि लगेच धुऊन पुसून ठेवायच्या.

नवरात्राचा तिसरा दिवस होता. सासूबाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या होत्या. मी गॅरेजमध्ये जाऊन करवत चालवली.

पट्ट्या खाचेत बसवल्या आणि सांगाडा आवाज न करता उठला. मी तो चार-पाचदा उठवला, परत आडवा केला. फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात येऊन त्यांच्या बोर्डाची रिकामी जागा पाहिली तेव्हा भानावर आले. तेव्हाच त्यांना उठवून सांगायचं. त्याऐवजी मी आमचा बोर्ड काढला, पॉलिशपेपरने घासून त्याचे चर घालवले, उकळतं पाणी ओतलं, सोडा चोळला, लिंबू चोळलं आणि त्यांच्या जागी उभा करून ठेवला. आता हा निर्जंतुक आहे, असं स्वतःला समजावलं. पण त्यांनी माझ्याकडे निर्जंतुक बोर्ड मागितला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी त्याच्यावर नैवेद्याचं सफरचंद चिरलं. "किती लख्ख घासलास गं," म्हणाल्या. "दिवसभर तुझ्या त्या मीटिंगा, आणि तरी माझ्या बोर्डाकडे लक्ष." पहिली फोड देवापुढे ठेवली, दुसरी माझ्या हातावर. मी ती खाल्ली.

मी मागवलेला नवा बोर्ड नवरात्र संपता संपता आला. तो पुढे केला तर म्हणाल्या, तो तुम्हाला राहू दे, मला हा बरा. आता बदलायचा तर खरं सांगावं लागणार होतं. दोनदा मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. उपास झालेत, वय झालंय, सांगून त्यांच्या जिवाला उगाच घोर, असं म्हणत मागे फिरले. त्या रागावतील याची मला भीती नव्हती. त्या काहीच बोलणार नाहीत आणि उरलेले दिवस गुपचूप फळं अख्खी खातील, याची होती.

हॅलोविनला खिडकीपुढे मुलं थांबली, बघितलं आणि पुढे गेली. इतका मुका सांगाडा कुणाला फारसा भावला नाही.

डिसेंबरात त्यांना तिकीट मिळालं. बॅग भरताना त्यांनी तो बोर्ड साडीत गुंडाळला. मी म्हटलं, "आई, पुण्यात असले ढीगभर मिळतात, कशाला वजन करता?" त्यांनी माझ्याकडे न बघता चेन ओढली.

परवा फोनवर बोलता बोलता म्हणाल्या, "देवाचं फळ मी अजून त्याच्यावरच चिरते बरं का. जाऊबाई आल्या की दाखवते. सांगते, आमच्या सुनेने परक्या देशात माझा एवढासा नेम दहा महिने सांभाळला."

मी "हो, आई" म्हटलं आणि गुडघे कसे आहेत ते विचारलं.