चारशे बारा पानं

आमच्या ह्यांना लायब्ररीत सगळे वहीकाका म्हणतात. मी घरी "अहो" म्हणते आणि तेवढ्यावर भागतं. सव्वीस वर्षं झाली, हा माणूस लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत, एकशे अठरा वह्या सांभाळतोय. छापील पुस्तक त्यात एकही नाही, नुसत्या हाताने लिहिलेल्या वह्या. कुणा सुईणीने कुठल्या घरी कधी मूल झालं ते लिहून ठेवलंय, कुणा कुलूपवाल्याने कुलपांची चित्रं काढलीत, आणि एका शाळेतल्या बाईंनी तर चौतीस वर्षं रोज सकाळी वारा कुठून येतोय तेवढंच लिहिलंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "वारा? आणि तो सांभाळायला पगार देतात?" हे म्हणाले, "देतात ना. म्हणून तर आपण जेवतोय."

माणूस असा की इकडची काडी तिकडे करणार नाही. मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, हात धुऊन पूर्ण वाळले की मगच पानाला लावायचे, पान वरच्या कोपऱ्यातून दोन बोटांनी उचलायचं. घरी पेपरसुद्धा तसाच वाचतात. विजेचं बिल तसंच उघडतात. माझं खाली रस्त्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर चेन बदल, पँट आखूड कर, कोटाला अस्तर लाव, त्यामुळे माझा हात भराभर चालतो आणि तोंडही. ह्यांचं दोन्ही हळू. आमचं जमलं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वी लायब्ररीत नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या. हुशार बाई. त्यांनी वह्यांची खोली बघितली, भिंतीची ओल बघितली, आणि डिजिटायझेशनसाठी अनुदान मागायचा अर्ज लिहायला घेतला. डिजिटायझेशन म्हणजे काय ते ह्यांनी मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा कळलं की प्रत्येक पानाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवायचा, म्हणजे कुणीही कुठूनही वाचू शकेल आणि मूळ वहीला हात लागणार नाही. मी म्हटलं, "मग वही कशाला ठेवायची?" हे इतके दुखावले की मी विषयच बदलला.

अनुदान म्हणजे फुकटचे पैसे असं मला वाटायचं. कसलं काय! अटींचा कागद पैशांपेक्षा जाड. पैसे देणाऱ्या मंडळाने दोन हप्ते केले होते. पहिल्यात कॅमेरा, दिवे आणि फोटो काढायला एक मुलगी, जिला हे फोटोवाली म्हणायचे. दुसऱ्या हप्त्यात ओल काढायचं यंत्र आणि खालच्या कपाटांतल्या जुन्या पत्रांचं काम. ती पत्रं ओलीने एकमेकांना चिकटत चालली होती. मॅडमना दुसरा हप्ता वेळेत हवा होता, नाहीतर पत्रं गेलीच म्हणून समजा. अट एवढीच की ह्यांनी लिहिलेल्या वह्यांच्या रजिस्टरात जितकी पानं, तितक्या पानांचे फोटो. आणि फोटो झाले की वह्या खास खोक्यांत घालून सील करायच्या. मंडळाचा माणूस आल्याशिवाय सील तोडायचं नाही.

आठ महिने फोटो काढले. शेवटी हिशेब लागला. फोटो बावीस हजार चारशे साठ. रजिस्टरात पानं अकरा हजार सहाशे बेचाळीस. मी म्हटलं, अरे वा, जास्तच झाले की! मग हे म्हणाले, "पानाला दोन बाजू असतात. अर्धे कर." अर्धे केले. अकरा हजार दोनशे तीस.

म्हणजे चारशे बारा पानं कमी.

फोटोवालीने शपथ घेऊन सांगितलं की तिने एकही पान सोडलं नाही. मॅडमनी एकेका वहीचे फोटो रजिस्टरशी ताडून पाहिले, तर तूट एका वहीत नव्हती, नव्वद वह्यांत मिळून पसरलेली. कुठे दोन, कुठे सात, कुठे अकरा. फोटो काढायला विसरलं तर असं थोडं थोडं होत नाही. असं तेव्हाच होतं, जेव्हा कुणीतरी सावकाश, बरीच वर्षं पानं काढतंय. हे मॅडम तोंडाने बोलल्या नाहीत. पण त्या खोलीची किल्ली सव्वीस वर्षं एकाच माणसाच्या खिशात होती, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

मंडळाचं पत्र आलं. पानं कुठे गेली त्याचा खुलासा करा, तोवर दुसरा हप्ता थांबवलाय. मॅडमनी ह्यांना समोर बसवून विचारलं, "काका, पानं कुठे गेली?" हे म्हणाले, "मला माहीत नाही." परत विचारलं, परत तेच. चौकशी होईपर्यंत ह्यांना खालच्या काउंटरवर बसवलं, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायला. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

त्यानंतर माणूस जो भंजाळला तो भंजाळलाच. घरी आल्यावर कपाटं उपसायचे. ट्रंक उघडायचे, माझ्या कापडांच्या गाठोड्यांत हात घालून बघायचे. मी विचारलं, "अहो, काय शोधताय?" तर म्हणे, "चुकून आणली असतील का गं मी?" पाणी पिऊन ग्लास ठेवायचे आणि दोन मिनिटांनी विचारायचे, मी पाणी प्यायलो का? ह्यांचं बघून मीही गोंधळले. कुलूप लावलं की नाही म्हणून दुकानात दोनदा परत जायला लागले. एका गिऱ्हाइकाची पँट चार इंच आखूड करून बसले. घरात दोन माणसं आणि दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही.

नणंदेचा फोन आला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जुन्या कागदांना म्हणे बाहेर खूप किंमत येते. दादा कुणाच्या नादाला तर लागला नाही ना?" मी त्यांना फोनवरच झाडलं. चांगलं झाडलं. आणि फोन ठेवला, आणि मला माझीच लाज वाटली पाहिजे अशी गोष्ट केली. दुपारी हे जेवायला आले तेव्हा ताट वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा. कुणाला दिलीत का पानं? मला सांगा, मी रागावणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाले. मग थोडं जेवले आणि उठले. मी मनात म्हटलं, विचारलं ते बरं झालं, एकदाचं मोकळं झालं. अशी माझी अक्कल.

आठवड्याने ह्यांच्या कोटाचं बटण तुटलं म्हणून तो मी दुकानात घेऊन गेले. कुठल्याही कपड्याला सुई लावायच्या आधी मी खिसे तपासते, सवयच आहे. आतल्या खिशात घडी घातलेला कागद. मंडळाला पाठवलेल्या पत्राची प्रत. "सदर चारशे बारा पाने माझ्या ताब्यात असताना माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाली असावीत. यात लायब्ररीचा दोष नाही." खाली ह्यांची सही, तारखेसकट.

माझं डोकं फिरलं. दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं, कोट तसाच काखेत मारला आणि तडक लायब्ररी गाठली. हे काउंटरवर शिक्के मारत होते. मी त्यांच्याशी बोललेच नाही. दंडाला धरलं आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये. "हे काय आहे?" कागद टेबलावर आपटला.

मॅडमचा चेहरा पडला. "मी मागितलं नव्हतं हो. काकांनीच स्वतः लिहून आणलं. म्हणाले, माझ्यामुळे पत्रं कुजायला नकोत." मग हळूच म्हणाल्या, "मी पाठवायला नको होतं. पण हप्ता अडकला होता."

"मला दाखवा काय हरवलंय ते!"

"खोकी सील आहेत. मंडळाच्या माणसाशिवाय..."

"मग फोटो दाखवा! बावीस हजार काढलेत ना? की तेही सील आहेत?"

फोटो कुणी सील केले नव्हते. इतक्या दिवसांत ह्यांना ते कुणी दाखवलेही नव्हते, आणि ह्यांनी मागितलेही नव्हते. कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की हे दोन पावलं मागे सरकतात. फोटोवालीने माझ्यापुढे पहिली फाइल उघडली. वाऱ्याची वही. मी खुर्ची ओढून बसले. मला त्यातलं काय कळणार, कप्पाळ! पण इंच-सेंटिमीटर मोजण्यात हयात गेली, आकडा दिसला की डोळा तिथेच जातो. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा होता. ह्यांचं अक्षर. चौतीस. पस्तीस. छत्तीस. अडतीस.

"थांब गं. सदतीस कुठे गेलं?"

फोटोवाली म्हणाली, "ते आकडे मी बघतच नाही. कॉम्प्युटर आपोआप स्वतःचे नंबर देतो."

माझ्यामागे हे उभे होते, ते म्हणाले, "सदतीस नाहीये. फाटलंय. मी यायच्या आधीपासून. ती बघ, शिवणीजवळ त्याची कड दिसतेय." खरंच दिसत होती, बोटाच्या नखाएवढी पट्टी.

मी मागे वळले. "अहो, पान नाही तर त्याला आकडा कशाला दिलात?"

"मग?" हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "जागा त्याचीच ना? माझ्या आधी ह्या वह्या सांभाळायचे त्या थोरल्या साहेबांनी तसंच शिकवलं होतं. कड दिसली की मोजायची. तिचा आकडा दुसऱ्या पानाला द्यायचा नाही."

"आणि रजिस्टरात काय लिहिलंत?"

"वहीचा शेवटचा आकडा."

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. मग मी कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल इतका. "अहो देवा! मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला विचारलं, पानं कुठे गेली," हे म्हणाले. "ती कुठे गेली मला खरंच माहीत नाही. आणि मला वाटलं, ही फाटलेली सोडून आणखी चारशे बारा गेलीत. मी किती शोधली गं."

मला हसू आवरेना आणि रडूही. फोटोवालीने दोन दिवस बसून सगळ्या वह्यांतले सुटलेले आकडे मोजले. मीही दुकान बंद ठेवून शेजारी बसले, ती आकडा वाचायची आणि मी शिवणीजवळची कड बघायची. एकूण चारशे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मॅडमनी मंडळाला फोन केला. तिकडून सांगितलं, आधीचं पत्र चुकीचं होतं असं वह्या सांभाळणाऱ्याने सही करून कळवावं, मग आमचा माणूस येऊन खोकी उघडेल आणि कडा मोजेल. मॅडमनी तिथल्या तिथे पत्र टाइप केलं. चांगलं लिहिलं होतं. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, उलट अशा मोजणीमुळेच कुठलं पान कुठे होतं हे आज सांगता येतं, वगैरे. ह्यांची माफीसुद्धा मागितली होती. माझा जीव भांड्यात पडला.

ह्यांनी दोनदा वाचलं, पेन हातात घेतलं आणि नुसतेच बसले.

"काका, काही राहिलंय का त्यात?" मॅडमनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे." मग हे माझ्याकडे वळले. "तुझी खात्री पटली का?"

"माझी काय विचारताय? मंडळाची पटली पाहिजे. करा सही."

"मंडळाने विचारलं तेव्हा मी सही केली नव्हती," हे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, हळू. "मॅडमनी विचारलं तेव्हाही नाही. अकरा दिवस मी नाहीच म्हणत होतो. बाराव्या दिवशी तू विचारलंस. मला वाटलं, हिलासुद्धा असं वाटतंय म्हणजे मीच नेली असणार. मलाच आठवत नसेल. म्हणून ते पहिलं पत्र लिहिलं."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. फोटोवाली उगाच माऊस हलवत राहिली.

"माझं चुकलं," मी म्हटलं. अख्ख्या संसारात हे दोन शब्द मी किती वेळा म्हटले असतील ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. "तुम्ही नाही नेली. तुम्ही नेणारच नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं, तरी मी विचारलं."

"नक्की ना?"

"नक्की."

ह्यांनी कागद नीट सरळ केला. मग सही केली, खाली तारीख घातली आणि कागद कोपऱ्याला दोन बोटांनी धरून मॅडमना दिला.