दाराआडून मामाची परीक्षा

ज्या वयात मुलं लष्करात भरती होतात, त्या वयात मी लाटणं घेऊन दाराआड उभा होतो. बी.कॉम.ची परीक्षा नुकतीच दिली होती, ओठांवर बऱ्यापैकी मिशी होती आणि वाचनालयातून आणलेली एक कादंबरी अंगात शिरली होती.

कादंबरी दोन ग्रहांमधल्या युद्धाची. त्यातलं विज्ञान मला कळत नव्हतं. मी कॉमर्सचा, यानं आणि किरणं आली की पान उलटायचो. पण मारेकरी फार छान होते. हरत आलेल्या ग्रहाने असे मारेकरी तयार केले होते, की ते तुमच्या नातेवाइकाचं रूप घेऊन यायचे. तोच चेहरा, तोच आवाज. यायचे तेही दिवसाढवळ्या, घरात एकटंच माणूस असताना. म्हणून सैनिकांना हुकूम होता: दारात सख्खा भाऊ असला, तरी घरच्याच माणसाला ठाऊक असेल असा प्रश्न विचारल्याशिवाय कडी काढायची नाही. एवढ्या मोठ्या आकाशातली लढाई शेवटी उंबऱ्यावर ठरते, हे मला भलतंच पटलं होतं.

पटायला घरचं कारणही होतं. त्या मे महिन्यात आमच्याही उंबऱ्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मामा अक्षत घेऊन येतो की नाही, यावर आईचं माहेर राहणार की तुटणार, हे ठरायचं होतं. माझ्या ताईच्या लग्नात मोडनिंबहून मामाची एस.टी. उशिरा आली. मुहूर्त टळू नये म्हणून वडिलांनी शेजारच्या एका गृहस्थांना मामा केलं आणि त्यांनीच ताईला बोहल्यावर आणलं. खरा मामा पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तो न जेवता परतला. तेव्हापासून येणंजाणं बंद.

आमच्यात बहिणीला अक्षत हातात द्यायची असते. नुसती पोस्टाने पत्रिका आली, तर समजायचं की आलात तर या, नाही आलात तर बरंच. नातेपुत्याच्या मावशीकडे अक्षत पोचल्याचं कळलं, तशी आई घर सोडेना. भाजीसुद्धा दारावरच घ्यायची.

एका दुपारी पीठ संपलं. मला गिरणीत पाठवलं की मी दुसऱ्याचाच डबा उचलून आणतो, हा अनुभव असल्यामुळे आई स्वतः निघाली. "कोणी आलं तर बसव, पाणी दे. अन् पुस्तकातनं डोकं काढ," एवढं बजावून गेली. मी कडी लावली आणि डोकं पुन्हा आत घातलं. सेनापतीने भावाला काही न विचारता घरात घेतलं, एवढ्यात आमच्या दारावर थाप पडली.

"अक्का! ए अक्का! दार उघड की."

मी पुस्तक मिटलं. "कोण?"

"आरं मी हाय, मामा. लई ऊन हाय बाबा हितं."

आवाज हुबेहूब मामाचा होता. तीच तर अडचण होती. मी लाटणं आणलं आणि आवाज जमेल तितका जाड करून विचारलं, "मामा असाल तर सांगा, तुमचं आणि आईचं भांडण कशावरून झालं?"

बाहेर शेजारच्या कारखान्यातले माग तेवढे खडखडत होते. प्रश्न तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाहेर मारेकरी असता तर बरं झालं असतं. हा माणूस आता वळला तर पुन्हा यायचा नाही. आणि माझा हात काही कडीकडे जाईना.

"तुज्या आईनं इचाराय लावलंय व्हय?"

"नाही," मी पुटपुटलो. "पुस्तकात..."

"मग आईक. दुसऱ्यानं पोरीला बोहल्यावर न्हेलं, त्याचं मला कायबी न्हाय. मुहूर्त कुनासाटी थांबतोय? पर मी न जेवता निगालो, आन तुजी आई मांडवाच्या खांबाला टेकून नुस्ती बगत हुती. थांब म्हनली न्हाय. एवडंच हाय बग."

"तू मागं वळून तरी बघितलंस का रे, येड्या?"

हा आवाज आईचा. गिरणीतून येऊन ती कधीची त्याच्या मागे उभी होती, कोण जाणे.

"लेक सासरी निघालेली, माझ्या घशातनं आवाज फुटंना. अन् तू आपला तरातरा चाललेला."

"मला वाटलं, तुला नको झालोय मी."

"वाटलं म्हणे! तुझ्या वाटण्यापायी भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत बसले. भाऊ नसल्यागत!"

मामाने नाक शिंकरलेलं मला दाराआडून ऐकू आलं.

"आणि हा आत काय करतोय? दार उघड रे!"

"आमची परीक्षा चाललीया," मामा म्हणाला. "पास का नापास, भाचेबुवा?"

मी कडी काढली. आईने माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं. "पोळ्या करणार होतास का?" असं म्हणून तिने डबा खाली ठेवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि ओंजळ पुढे केली. मामाने रुमालाची गाठ सोडून तिच्या हातात अक्षत घातली.

"समद्यास्नी घिऊन यायचं. आन लग्नाच्या दिवशी न्हाय, आदी."

"येते," आई म्हणाली. "पण आज जेवल्याशिवाय उठलास तर बघ."

तो जेवला, दोनदा ताक मागून घेतलं आणि उरलेल्या घरांना अक्षत द्यायला निघून गेला. आई स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर तशीच आडवी झाली आणि घोरू लागली. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. दिवेलागणीलाही तिला उठवायचा धीर मला झाला नाही. पिठलं मीच केलं. गुठळ्या झाल्या. वडिलांनी मुकाट्याने गिळलं, आणि मागाहून उठलेल्या आईने तर पुन्हा वाढून घेतलं.